डावखुऱ्यांसाठी खिशातला चाकू

डावखुऱ्या माणसाला खिशातला मिटणारा चाकू घ्यायचा असेल, तर पात्याची लांबी, पोलादाची जात आणि किंमत या गोष्टी नंतर पाहाव्यात. आधी पाहायचे ते हे, की चाकू कोणत्या हातासाठी घडवला आहे. स्वयंपाकघरातला सरळ चाकू सहसा दोन्ही हातांना सारखाच चालतो. मिटणाऱ्या चाकूचे तसे नाही. तो उघडावा लागतो, उघडलेले पाते जागेवर अडकावे लागते, काम झाले की ते सोडवून मिटावे लागते आणि चाकू पुन्हा खिशात जावा लागतो. या प्रत्येक टप्प्यावर बनवणाऱ्याने उजवा हात गृहीत धरलेला असतो. जगात डावखुऱ्यांचे प्रमाण साधारण दहा टक्के धरले जाते, त्यामुळे कारखान्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण ग्राहकाला हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि चाकू ‘जरा अवघड आहे, सवय होईल’ म्हणून घरी येतो.

आपण नेमके कोणत्या हाताचे आहोत, हे आधी तपासावे. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मराठी घरांत डाव्या हाताने जेवू न देण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. आधीच्या पिढीत पाटीवरची पेन्सिलही उजव्या हातात दिली जाई. त्यामुळे जेवायला आणि लिहायला उजवा, पण हातोडी, झाडू आणि चेंडू डाव्या हातात, अशी माणसे घरोघरी सापडतात. उलट उदाहरणही सर्वांच्या पाहण्यातले आहे: सचिन तेंडुलकर यांनी आयुष्यभर उजव्या हाताने फलंदाजी केली, पण ते लिहितात डाव्या हाताने. म्हणून कोणत्या हाताने लिहितो यावरून चाकू ठरवू नये. पेन्सिलीला ब्लेडने टोक काढताना ब्लेड कोणत्या हातात जाते, सुतळी कापताना सुतळी कोणता हात ताणून धरतो, पेरू चिरताना सुरी कुठे असते, हे पाहावे. आणखी एक बारकावा असा, की काही डावखुरे लहानपणापासून चाकू उजव्या हाताने उघडून मग डाव्या हातात घेतात. ज्यांची ही सवय पक्की आहे आणि ज्यांना एका हाताने चाकू उघडण्याची गरज पडत नाही, त्यांना बाजारातला बहुतेक कोणताही साधा चाकू चालेल. त्यांनी या लेखातला फक्त लॉकचा भाग नीट पाहावा.

यानंतर कामाचा विचार. उदाहरणाला आपला दीपनगरचा परिसर घेऊ. दीपनगर म्हणजे भुसावळ औष्णिक वीज केंद्राची वसाहत, आणि सभोवती भुसावळ, यावल, रावेर या तालुक्यांतली केळी आणि कापूस. अशा ठिकाणी खिशातल्या चाकूला दिवसभरात पडणारी कामे ठरलेली असतात: पार्सलची पट्टी आणि चिकटपट्टी कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, सुतळी तोडणे, केबलचे वरचे वेष्टन सोलणे, ठिबकची नळी कापणे, मधल्या सुट्टीत फळ चिरणे. केळीची पिले छाटणे किंवा घड उतरवणे हे विळ्या-कोयत्याचे काम आहे. ते मिटत्या चाकूवर लादले तर बिजागरी सैल होते आणि कधीतरी लॉक दगा देतो. वर सांगितलेल्या कामांना अडीच ते तीन इंचांचे पाते पुरते. चार इंचांच्या पात्याने खिसा जड होतो, पाहणाऱ्याच्या मनात शंका येते आणि काम मात्र तेवढेच होते.

उघडण्याची रीत

जुन्या पद्धतीच्या चाकूत पात्याच्या पाठीजवळ नखासाठी एक खाच असते. उघडा चाकू धार खाली आणि टोक डावीकडे करून धरला की जी बाजू समोर येते, फक्त त्याच बाजूला ही खाच असेल तर चाकू उजव्या हाताचा. उजवा माणूस मिटलेला चाकू डाव्या हातात धरतो, खाच त्याच्याकडे तोंड करून असते आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने तो पाते ओढून काढतो. डावखुऱ्याने मूठ उजव्या हातात घेतली की तीच खाच पलीकडच्या बाजूला जाते. मग तो तर्जनीच्या नखाने ओढतो किंवा चाकू उलटा फिरवून धरतो. स्प्रिंग नरम असेल तर हे निभते. ताठ असेल तर नख तुटते, किंवा अर्धवट उघडलेले पाते निसटून बोटावर मिटते.

यावर उपाय दोन आहेत. एक, खाच दोन्ही बाजूंना असलेला चाकू घेणे. दोन, खास डाव्या हाताची आवृत्ती शोधणे. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सने आपल्या बहुउपयोगी चाकूंची डावखुऱ्यांसाठी काही मॉडेल काढली आहेत. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा आठ नंबरचा चाकूही डाव्या हाताच्या आवृत्तीत बनतो. भारतात ही मॉडेल दुकानाच्या काचेआड क्वचितच दिसतात, बहुधा मागवावी लागतात. बहुउपयोगी चाकू घेताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: मुख्य पात्याची खाच फिरवली म्हणजे सगळी हत्यारे डाव्या हाताची झाली असे नाही. आतली छोटी कात्री आणि डबा उघडण्याचे पाते बहुधा उजव्यांच्या सोयीचेच राहते. कात्रीत तर डावखुऱ्याला कापायची रेषाच वरच्या पात्याआड जाते, आणि तक्रार मात्र धारेबद्दल केली जाते.

एका हाताने उघडणाऱ्या चाकूंमध्ये चित्र बरे आहे. पात्याला आरपार गोल भोक असलेली रचना अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१मध्ये ‘वर्कर’ या चाकूत आणली. भोक आरपार असल्याने दोन्ही अंगठ्यांना ते सारखेच सापडते. डावखुऱ्यांना हा फायदा आपोआप मिळाला. भोकाऐवजी पात्यावर छोटी खुंटी असते तेव्हा ती दोन्ही बाजूंना आहे ना, हे पाहावे. स्वस्त चाकूंत ती पुष्कळदा एकाच बाजूला बसवलेली असते, आणि ती बाजू डाव्या अंगठ्याच्या पोहोचीबाहेरची असते. तिसरी रचना म्हणजे मिटलेल्या चाकूच्या पाठीवर बाहेर आलेला पात्याचाच छोटा कान. तो तर्जनीने दाबला की पाते झटकन उघडते. कान मधोमध असल्याने डाव्या-उजव्याचा प्रश्न येत नाही, पण गर्दीत असे उघडणे लोकांना धमकीसारखे वाटते. एसटीत किंवा रेल्वेच्या डब्यात फळ कापायला काढलेला चाकू सावकाश, दोन्ही हातांनीच उघडावा.

लॉक

डावखुऱ्यांच्या खरेदीत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो लॉकवर. उघडताना झालेली अडचण नखावर भागते, मिटताना झालेली चूक बोटावर येते.

बाजारात आज सर्वाधिक दिसतो तो लाइनर लॉक. मुठीच्या आतल्या धातूच्या पत्र्याची एक पट्टी कापून किंचित आत वाकवलेली असते. पाते पुरते उघडले की ती सरकून पात्याच्या बुडाशी येते आणि पाते मागे फिरू देत नाही. मायकल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या लॉकला आजचे रूप दिले. रचना सोपी, मजबूत आणि स्वस्त आहे, पण ती एका हाताची आहे. उजव्या हातात चाकू असताना अंगठा मुठीच्या डाव्या अंगाला असतो. तो फटीत घालून पट्टी उजवीकडे ढकलली की पाते सुटते. डाव्या हातात चाकू घेतला की अंगठा पट्टीच्याच बाजूला येतो. तिथून पट्टी ढकलता येत नाही, नखाने आपल्याकडे ओढावी लागते. म्हणून बहुतेक डावखुरे अंगठ्याऐवजी तर्जनीचे टोक पलीकडून फटीत घालतात. हे जमते, वर्षानुवर्षे असे करणारेही पुष्कळ आहेत. पण मूठ सांभाळायला मग तीनच बोटे आणि तळवा उरतो, तर्जनी धारेच्या वाटेत असते आणि हातमोजा घातला असेल तर बोट नेमके कुठे आहे हेच कळत नाही. वीज केंद्रात किंवा शेतात घामेजलेल्या हाताने दिवसातून वीस वेळा चाकू मिटणाऱ्या डावखुऱ्याने लाइनर लॉक टाळलेला बरा. टेबलावर पाकिटे फोडणाऱ्याला तो चालून जाईल.

फ्रेम लॉक हे याचेच दणकट भावंड. यात आतल्या पत्र्याऐवजी मुठीची एक बाजूच कापून पट्टी केलेली असते. अडचण तीच. काही महाग कंपन्या हा लॉक आरशातल्यासारखा उलटा करून डाव्या हाताचा चाकू बनवतात. क्रिस रीव्ह यांचा ‘सेबेन्झा’ असा मिळतो. पण त्याची किंमत रोजच्या सुतळी-गोणीच्या कामाला परवडणारी नाही आणि हरवला तर दुःख मोठे.

मागचा लॉक, म्हणजे मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी, ही रचना जुनी आहे. १९६४मध्ये आलेल्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने ती घरोघरी नेली. पट्टी पाठीच्या मध्यरेषेवर असते, त्यामुळे तिला डावा-उजवा हात नाही. दाबताना अंगठा धारेपासून दूर, पाठीवर असतो. दोष एवढाच की एका हाताने मिटायला सराव लागतो आणि पट्टीखालच्या खाचेत कचरा बसला तर लॉक पुरता बसत नाही. हा दुसरा दोष दीपनगरच्या परिसरात हलका समजू नये. कोळशाची उडती राख पिठासारखी बारीक असते आणि ती वाऱ्याबरोबर घरात, गाडीत, खिशात सगळीकडे पोहोचते. महिन्यातून एकदा खाच दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केली की पुरते.

आडव्या दांड्याचा लॉक हा आजच्या घडीला डावखुऱ्यांचा सर्वांत जवळचा मित्र म्हणावा लागेल. मुठीतून आरपार एक छोटी दांडी जाते, तिची दोन्ही टोके दोन्ही बाजूंना बाहेर दिसतात. कोणत्याही बाजूचे टोक मागे ओढले की पाते मोकळे होते. बोटे धारेच्या वाटेत येतच नाहीत. बेंचमेड कंपनीने १९९८मध्ये ‘ॲक्सिस’ या नावाने हा लॉक बाजारात आणला. आता इतर कंपन्याही याच तत्त्वावर चाकू बनवतात आणि किंमत पुष्कळ खाली आली आहे. आतल्या दोन बारीक स्प्रिंगांपैकी एखादी तुटू शकते. दुसरी बहुधा काम निभावते, पण पाते ढिले लागले की चाकू वापरणे थांबवावे. एक सूचना सर्वच लॉकना लागू आहे आणि या लॉकच्या बाबतीत ती विसरली जाते: लॉक म्हणजे चुकून पाते मिटू नये याची सोय. पात्याची पाठ लाकडावर आपटून त्याची परीक्षा घेणे किंवा चाकूने पत्रा उचकटणे यासाठी तो नाही.

बटण दाबून सुटणारा लॉकही आता बराच दिसतो. बटण उजव्या अंगठ्यासाठी डाव्या अंगाला असते, पण गंमत अशी की डावखुऱ्याची तर्जनी बरोबर तिथेच पडते. धारेपासून दूर राहून ती बटण दाबू शकते. त्यामुळे उजव्यांसाठी बनलेली ही रचना डाव्यांना काकणभर सरसच ठरते. दुकानात चाकू हातात घेऊन हे करून पाहावे. बटण फार पुढे बसवले असेल तर तर्जनी आखडते.

ओपिनेलची गोष्ट थोडी वेगळी. १८९०मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्सच्या साव्वा भागात शेतकऱ्यांसाठी हा लाकडी मुठीचा चाकू बनवायला सुरुवात केली आणि १९५५मध्ये त्याला फिरणारे धातूचे कडे आले. कडे फिरवले की पाते अडकते. ते कोणत्याही हाताने फिरवता येते, त्यामुळे लॉकचा प्रश्न मिटतो आणि नखाच्या खाचेचा तेवढा उरतो. मात्र लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि पाते तिच्यात घट्ट बसते. ठिबकच्या ओल्या वाफ्यात दिवसभर वावरणाऱ्या खिशाला हा चाकू सोयीचा नाही. घरी फळे चिरायला आणि डब्याबरोबर न्यायला उत्तम.

लॉकच नसलेले, नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहणारे चाकू डावखुऱ्यांनी कमी लेखू नयेत. मिटताना दोन्ही हात लागतात, बोट धारेच्या वाटेत जात नाही आणि माणूस आपोआप जपून कापतो. टोकाने भोसकण्याचे काम तेवढे त्यांच्याकडून घेऊ नये.

क्लिप आणि खिसा

चाकू खिशाला अडकवायच्या क्लिपकडे सहसा शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. डावखुऱ्यासाठी ती सुरक्षेची बाब आहे. उजव्या हाताच्या चाकूवर क्लिप मुठीच्या उजव्या अंगाला असते. उजव्या खिशात टोक वर ठेवून असा चाकू अडकवला की मिटलेल्या पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकते, आणि शिवणच पाते उघडू देत नाही. हाच चाकू डाव्या खिशात अडकवला की दिशा उलटते: पाते पुढच्या बाजूला, जिथून हात खिशात शिरतो तिथे, उघडायला मोकळे राहते. स्प्रिंग सैल झालेली असेल आणि पाते अर्धा इंच जरी बाहेर आले, तरी किल्ल्या काढायला गेलेला हात धारेवरच पडतो. म्हणून मुठीच्या डाव्या अंगालाही क्लिपच्या स्क्रूंची भोके आहेत, हे पाहूनच चाकू घ्यावा. भोके नसतील तर क्लिप काढून टाकावी आणि चाकू छोट्या कापडी किंवा चामडी म्यानात ठेवावा. गावाकडे अनेकांचा चाकू करदोट्याच्या किंवा किल्ल्यांच्या दोरीला असतो. त्यासाठी बुडाला कडी असलेला चाकू घ्यावा, क्लिपचा विचारच करू नये.

धार, पाते, मूठ

बहुतेक खिशातल्या चाकूंना धार दोन्ही बाजूंनी सारखी असते आणि तिथे हाताचा प्रश्न येत नाही. अपवाद ओळखायला हवेत. कलमे बांधण्याच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू सपाट असते, कारण फांदीवर सपाट काप मिळावा लागतो. उजव्या हातासाठी उतार उजव्या बाजूला असतो. डावखुऱ्याने असा चाकू धरला की पाते लाकडात खोल शिरते किंवा वर निसटते, काप वाकडा येतो आणि कलम बसत नाही. आंबा-लिंबाच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या डावखुऱ्याने डाव्या हाताचा कलमचाकू मागवणे हा वायफळ खर्च नाही. जर्मनीची टीना ही कंपनी तसे बनवते. झाडे छाटण्याच्या कात्रीतही फेल्को कंपनीच्या ९ आणि १० क्रमांकाच्या कात्र्या डावखुऱ्यांसाठीच आहेत.

हाच एकतर्फी उताराचा त्रास साध्या जागी दिसतो. ठिबकची १६ मिमीची लॅटरल नळी कापून जोडणी घालायची असते तेव्हा काप नळीला काटकोनात यावा लागतो, नाहीतर जोड गळतो. एका बाजूने घासलेल्या पात्याने डावखुऱ्याचा काप हमखास तिरका जातो, आणि तो बिचारा हाताला दोष देतो. करवतीसारखे दात असलेल्या पात्यांचेही तसेच: दात बहुधा एकाच बाजूने घासलेले असतात, पाते एका अंगाला ओढते आणि त्यांना घरी धार लावता येत नाही. रोजच्या कामाला साधी, सलग, दोन्ही बाजूंची धार पुरते.

पोलाद गंज न धरणारे घ्यावे. कार्बन पोलादाला धार छान लागते, पण केळीचा चीक त्याला लगेच काळे करतो. चीक हाच या भागातल्या चाकूंचा मोठा शत्रू आहे. तो पात्यावर वाळतो, बिजागरीत झिरपतो आणि दोन दिवसांत पाते असे चिकटते की उघडताना जोर लावावा लागतो. जोर लावून उघडलेला चाकू बोटाला लागतो, आणि डावखुरा आधीच तिरक्या पकडीत असला तर आणखी लवकर लागतो. चीक साबणाने निघत नाही; आधी गोडे तेल लावून पुसावा, मग साबणाने धुऊन चाकू कोरडा करावा. व्हिक्टोरिनॉक्सचे किंवा ओपिनेलच्या स्टेनलेस आवृत्तीचे पोलाद फार कठीण नसते. ते लवकर बोथटते, पण साध्या सहाणेवर दोन मिनिटांत पुन्हा लागते. फार कठीण पोलाद घेतले की बाजारातल्या धारवाल्याच्या चाकावरही ते धड घासले जात नाही.

मूठ खरखरीत हवी. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो. गुळगुळीत पोलादी मूठ घामाने निसटते आणि गाडीच्या टपावर दहा मिनिटे राहिली तर हाताला चटका देते. काचतंतूचा किंवा खरबरीत नायलॉनचा पत्रा असलेली मूठ बरी. काही मुठी बोटांच्या खाचांसह उजव्या पकडीला साच्यासारख्या घडवलेल्या असतात. डाव्या हातात त्या बोटांना रुततात. मूठ दोन्ही अंगांनी सारखी असावी. रंग भडक घ्यावा, नारंगी किंवा पिवळा. केळीच्या पाचटात पडलेला काळा चाकू सापडत नाही.

विजेचे काम करणाऱ्यांसाठी एकच वाक्य: मिटता चाकू इन्सुलेटेड नसतो, म्हणून प्रवाह बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय तो केबलला लावू नये.

दुकानात आणि ऑनलाइन

दुकानात चाकू डाव्या हातात घेऊन दहा वेळा उघडावा आणि दहा वेळा मिटावा. दुकानदाराची घाई ऐकू नये. प्रत्येक वेळी मिटताना नजर एकाच गोष्टीवर ठेवावी: पाते सुटते त्या क्षणी कोणते बोट त्याच्या वाटेत आहे. एकही बोट नसेल तर लॉक आपल्या हाताचा. त्यानंतर पाते उघडे ठेवून आडवे हलवून पाहावे; डगमग जाणवली तर चाकू परत. हात किंचित ओला करून पुन्हा करून पाहता आले तर उत्तम.

ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे फोटो पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये. टोक डावीकडे आणि धार खाली असलेल्या फोटोत एकच खाच किंवा एकच खुंटी दिसली आणि दुसऱ्या बाजूच्या फोटोत ती नसली, तर चाकू उजव्याचा. टोक उजवीकडे असलेल्या फोटोत मुठीवर फ्रेम लॉकची कापलेली पट्टी दिसली, तरीही उजव्याचा. क्लिपजवळची मोकळी भोके दुसऱ्या अंगालाही दिसायला हवीत. वर्णनात ‘दोन्ही हातांसाठी’ असे लिहिलेले असते तेव्हा ते बहुधा उघडण्याबद्दल असते, मिटण्याबद्दल नाही. या एका शब्दप्रयोगाने सर्वाधिक डावखुरे फसतात.

खास डावखुऱ्यांचा चाकू शोधत बसण्यापेक्षा दोन्ही अंगांनी सारखा असलेला चाकू घेणे रोजच्या वापराला जास्त शहाणपणाचे. तो घरातल्या दुसऱ्या कोणालाही देता येतो, मोडला तर बदली लवकर मिळते आणि किंमत वाजवी राहते. उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताचा लाइनर लॉक वापरला तर त्याच अडचणी त्याच्या वाट्याला येतात, हेही घरात सांगून ठेवावे.

कायदा

शस्त्र नियम, २०१६मधल्या पाचव्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. तीन इंचांचा कामाचा चाकू या मापाच्या खूप खाली आहे. तरी माप हा एकच मुद्दा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात जिल्ह्यात शस्त्रे, लाठ्या, चाकू बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. अशा दिवसांत चाकू घरी ठेवावा; आदेशाला डावा-उजवा कळत नाही आणि तीन इंचही कळत नाहीत. बटण दाबताच स्प्रिंगने उघडणारे रामपुरी वळणाचे चाकू मुळातच घेऊ नयेत: त्यांचा रोजच्या कामाशी संबंध नाही आणि पोलिसांच्या नजरेत ते गुन्ह्याचेच हत्यार. जळगाव विमानतळावरून प्रवास असेल तर चाकू केबिनच्या पिशवीत चालत नाही, तो सामानात द्यावा. वीज केंद्र, कारखाना किंवा आयुधनिर्माणीच्या फाटकातून आत नेण्यापूर्वी तिथल्या सुरक्षा विभागाचा नियम विचारून घ्यावा.

धार आणि देखभाल

डावखुऱ्याकडून सहाणेवर धार लावताना एक चूक नकळत होते. हात बदलताना कोन बदलतो आणि पात्याची एक बाजू जास्त घासली जाते. काही महिन्यांत दोन्ही बाजूंची धार सारखी राहत नाही आणि तोच चाकू एका अंगाला ओढू लागतो. स्केच पेनने धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी रंग लावावा, चार घासण्या द्याव्यात आणि रंग कुठून निघाला ते पाहावे. कडेपर्यंत सारखा निघाला तर कोन बरोबर; अगदी कडेलाच उरला तर पाते थोडे उचलावे. फिरत्या धारवाल्याला चाकू देताना ‘दोन्हीकडून सारखी’ असे सांगावे, नाहीतर तो कात्रीच्या सवयीने एकाच बाजूने घासून देतो. राखेने आणि चिकाने जड झालेली बिजागरी धुऊन वाळवून तिच्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. पाते तरीही जड चालले तर बिजागरीचा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षा कमी, सैल करून पाते आडवे हलत नाही ना ते लगेच तपासावे.